मतपत्रिकेवरचा सीमालढा

१७ जानेवारी १९५६ ला बेळगावात संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पुढच्याच वर्षी म्हैसूर (आजच्या कर्नाटक) विधानसभेच्या निवडणुकीत, मराठी सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार निवडून आले. तेव्हापासून सीमाभागात निवडणूक हे लढ्याचंच एक हत्यार झालं. आमदार रस्ते-गटारांचं काय करणार, हे कुणी फारसं विचारत नसे. समितीचा विजय म्हणजे सार्वमत, असा दावा असे. हे घरोघर पोचवायला गावोगावच्या बैठका होत्या, बाबूराव ठाकूरांचा ‘तरुण भारत’ होता आणि ‘बेळगाव, कारवार, निपाणी, भालकी, बिदरसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा.

१९८६ ला कन्नडसक्तीविरोधात आंदोलन पेटलं, पुन्हा माणसं गेली. तरी दिल्लीपर्यंत आवाज पोचत नव्हता. मग १९९६ च्या लोकसभेला एक अचाट युक्ती निघाली: अर्जांचा पाऊस पाडायचा. अनामत जेमतेम ५०० रुपये. बेळगाव मतदारसंघात तब्बल ४५६ उमेदवार उभे राहिले. यंत्रं नव्हती, सगळी नावं कागदावर छापायची, त्यामुळे मतपत्रिकाच निषेधाचं पत्रक झाली. या गर्दीला जिंकायचं नव्हतंच. आंध्रातल्या नलगोंडा आणि तमिळनाडूतल्या मोडाकुरिची मतदारसंघांतही त्या वर्षी असंच झालं, आणि लोकसभेची अनामत १० हजारांवर गेली. कायदा बदलला, सीमाप्रश्न होता तिथेच राहिला.

२०१९ ला समितीने तोच डाव पुन्हा टाकला. रिंगणात ५७ उमेदवार, म्हणजे ‘नोटा’ धरून प्रत्येक केंद्रावर चार-चार मतदान यंत्रं. पण खरा धक्का बसला २०२१ च्या पोटनिवडणुकीत. या वेळी एकच उमेदवार दिला, शुभम शेळके, आणि त्यांना १ लाख १७ हजारांवर मतं पडली. भाजप जिंकला तो पाच हजारांच्या थोड्या वरच्या फरकाने. गर्दी करण्यापेक्षा एकी दाखवलेली जास्त बोलते, हे आकड्यांतच दिसलं.

मोठ्या पक्षांनी मात्र लढ्याची भाषा केव्हाच उचलली होती. मराठी पत्रकं, भगवे फेटे, शिवजयंतीला हजेरी. २०२३ च्या विधानसभेआधी बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या राजहंसगडावरच्या शिवपुतळ्याचं अनावरण मार्चमध्ये दोनदा झालं: आधी भाजपचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांच्या हस्ते, तीनच दिवसांनी काँग्रेसचं वेगळं. गटबाजीने पोखरलेल्या समितीला २०१३ मध्ये दोन जागा तरी मिळाल्या होत्या. २०१८ आणि २०२३ ला एकही नाही.