पाठीवरचं सेपरेशन आणि कोपऱ्यातलं सेपरेशन

जेट इंजिनच्या कॉम्प्रेसरबद्दल बोलताना ‘पात्यावर सेपरेशन झालं’, म्हणजे हवा पात्यापासून सुटली, असं सरसकट म्हटलं जातं. त्या एका शब्दाखाली दोन वेगळी दुखणी खपून जातात.

मूळ एकच आहे. कॉम्प्रेसरमध्ये हवेला कमी दाबाकडून जास्त दाबाकडे जायचं असतं, म्हणजे सगळा चढच. वेगवान हवा तो चढून जाते. पृष्ठभागालगतचा मंद थर, म्हणजे बाउंडरी लेयर, अर्ध्यात दमतो आणि सुटतो. (टर्बाइनमध्ये हवेला उतार असतो. म्हणून तर सीएफएम ५६ या जेट इंजिनमध्ये हाय-प्रेशर टर्बाइनचा एकच टप्पा कॉम्प्रेसरचे नऊ टप्पे फिरवतो.)

पहिलं सेपरेशन पात्याच्या फुगीर पाठीवर, मधल्या उंचीला होतं. पात्याचा आडवा छेद कागदावर काढला तरी ते समजतं. लीब्लाइन आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये मांडलेला डिफ्यूजन फॅक्टर, म्हणजे पाठीवर हवा किती मंदावते ते सांगणारा आकडा, ०.६ च्या पुढे गेला की ते ओढवणार असं धरतात. उपायही छेदातच आहे. कंट्रोल्ड डिफ्यूजन पात्यात हवेचा वेग पुढच्या भागातच शिखर गाठतो. थर पातळ आणि ताजातवाना असतो तोवर मोठा चढ उरकून घ्यायचा, मागे चढ सौम्य करत न्यायचा.

दुसरं जास्त छळतं, कारण छेदात ते दिसतच नाही. शेजारच्या दोन पात्यांमध्ये एकीकडे दाब जास्त, दुसरीकडे कमी. वेगवान हवा आपल्या वेगाच्या जोरावर वळण सांभाळते. हबलगतच्या, म्हणजे पात्याच्या बुडाशी असलेल्या भिंतीलगतच्या, मंद हवेत तो जोर नसतो, ती आडवी घसरते आणि पात्याची पाठ जिथे हबला मिळते त्या कोपऱ्यात साचते. छेद कितीही घासूनपुसून काढला तरी हा गाळ हटत नाही. तिथे पातं उभ्या दिशेनंच वाकवावं लागतं. स्टॅटर म्हणजे न फिरणाऱ्या पात्याची टोकं अशी कलवतात की पाठ आणि भिंत यांत विशालकोन होतो. टोकांवरचा भार हलका होतो आणि मंद हवा मधल्या उंचीकडे ढकलली जाते.

पण तो भार मधल्या उंचीवर जाऊन बसतो. बाक अती झाला की पहिलं दुखणं हजर.

ओळखायचं कसं? कॅस्केड टनेलमध्ये, म्हणजे पात्यांची रांग ठेवलेल्या वाऱ्याच्या बोगद्यात, पात्यावर रंगीत तेल लावून बघतात. पहिल्यात तेलाची रेघ पात्याच्या उंचीला जवळपास समांतर थांबते. दुसऱ्यात कोपऱ्यातून निघून मागच्या कडेकडे रुंदावत जाणारा तिकोनी डाग पडतो.