बालीच्या किनाऱ्यावर जपानी तवा आला कुठून?

बालीहून किंवा मालदीवहून परतलेल्या मुंबईकराच्या मोबाइलमध्ये एक व्हिडिओ बहुतेक वेळा असतोच. शेफ मोठ्या तव्यावर भात परततोय, कालथे खणखणवतोय, मधूनच जाळ उठतोय. हे जपानी ‘तेप्पानयाकी’. बेटावरच्या सुट्टीत जेवण जपानी का, याचा माग काढताना मी थेट महायुद्धापर्यंत पोचले.

फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी फौजा बालीत उतरल्या त्या सानूरच्या किनाऱ्यावर. पुढची साडेतीन वर्षं बेट त्यांच्या ताब्यात होतं. १९५८च्या करारानुसार जपानने इंडोनेशियाला सुमारे २२ कोटी ३० लाख डॉलरची युद्धभरपाई द्यायचं मान्य केलं आणि त्या पैशातून त्याच सानूरला दहा मजली ‘बाली बीच हॉटेल’ उभं राहिलं. ते १९६६ मध्ये सुरू झालं. किनाऱ्यावरचा तो ठोकळा इतका खुपला की पुढे बेटावर नारळाच्या झाडापेक्षा उंच इमारत बांधायची नाही, असा नियमच झाला. बालीचं आजचं बसकं, झाडांत दडलेलं रूप आपल्याला आवडतं, त्यामागे हे आहे.

तव्याची गोष्टही युद्धानंतरचीच. ‘तेप्पान’ म्हणजे लोखंडी पत्रा. १९४५ मध्ये जपानच्या कोबे शहरात ‘मिसोनो’ या रेस्टॉरंटने या पत्र्यावर मांस भाजून द्यायला सुरुवात केली. त्याची गोडी जपान्यांपेक्षा परदेशी गिऱ्हाइकांना जास्त लागली. मग १९६४ मध्ये रॉकी आओकी यांनी न्यूयॉर्कमध्ये जेमतेम चार टेबलांचं ‘बेनिहाना’ रेस्टॉरंट काढलं आणि शेफला गिऱ्हाइकांसमोर आणून उभं केलं. या नावाचा अर्थ करडईचं फूल! आपल्या व्हिडिओतली सुऱ्या-कालथ्यांची करामत जगभर पोचली ती तिथून. तिला जपानची प्राचीन परंपरा समजणं चूक आहे.

त्याच वर्षी, १ एप्रिल १९६४ला, जपानने आपल्या नागरिकांना निव्वळ पर्यटनासाठी परदेशी जायची मुभा दिली, तीही वर्षातून एकदा आणि ५०० डॉलरच्या मर्यादेत. हवाई आणि ग्वाम ही त्यांची लाडकी बेटं ठरली. खरी लाट आली १९८५च्या प्लाझा करारानंतर, म्हणजे डॉलर स्वस्त करायचं बड्या देशांनी ठरवल्यावर. सुमारे २४० येनला मिळणारा डॉलर तीन वर्षांत १२५-१३० येनवर आला. १९८६ मध्ये परदेशी जाणारे जपानी ५५ लाख होते, १९९० मध्ये ते एक कोटीच्या पुढे गेले. या पाहुण्यांना परक्या मुलुखात घरचा भात, सूप हवं होतं. आपल्या टूर कंपन्या युरोपातही वरणभात खिलवतात, त्याच ओढीने किनाऱ्यावरच्या हॉटेलांनी जपानी स्वयंपाकघरं उघडली. पुढे जपानची भरभराट ओसरली, पण तवे तिथेच राहिले. आता त्यांच्यापुढे आपण बसतो: बालीत २०२३ मध्ये परदेशी पाहुण्यांत ऑस्ट्रेलियनांखालोखाल संख्या भारतीयांची होती.

मुंबईचं जपानशी नातं त्याहून जुनं. १८९३ मध्ये जमशेदजी टाटांच्या साथीने कोबे-मुंबई जहाजसेवा सुरू झाली, ती कापसासाठी. ताजमध्ये ‘वसाबी’ हे जपानी रेस्टॉरंट उघडायला मात्र २००४ उजाडलं.

मालदीवमध्ये जपानी जेवण मला तितकं उपरं वाटत नाही. तिथे कुपा (टूना) जातीचा मासा उकडून, धुरावून, वाळवून लाकडासारखा कडक करतात. जपानी ‘कात्सुओबुशी’ त्याच जातकुळीची. तिच्या किसापासून ‘दाशी’ हे पाणी काढतात आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) घालून केलेलं सूप बहुधा त्याच पाण्यात होतं. वाटीत नुसता टोफू आणि कांद्याची पात तरंगताना दिसते, म्हणून शाकाहारी माणसं ते निर्धास्तपणे पितात. माझ्या सासूबाईही प्यायल्या होत्या, आणि मला तेव्हा हे माहीत नव्हतं. घरात कुणी शाकाहारी असेल तर ऑर्डर देतानाच दाशी कशाची आहे ते विचारा. नुसत्या ‘कोंबू’ या समुद्री शेवाळाचीही दाशी होते.