सायबेरिया कोणत्या क्रमाने पाहायचा? काझुकी यासुओ यांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनाची पार्श्वभूमी

काझुकी यासुओ (१९११–१९७४) या जपानी चित्रकाराच्या ११०व्या जयंतीनिमित्त २०२१–२२ मध्ये जपानमधील निरनिराळ्या संग्रहालयांत एक सिंहावलोकनी प्रदर्शन फिरले. त्यांची ५७ चित्रांची ‘सायबेरिया मालिका’ त्यात निर्मितीच्या क्रमाने, इतर चित्रांच्या सोबतीने मांडली होती. मांडणीचा हा निर्णय वरवर किरकोळ वाटतो. पण या कामाकडे युद्धकैद्याची साक्ष म्हणून पाहायचे की चित्रे म्हणून, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

शिमोनोसेकीतील मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणारे काझुकी सैन्यात भरती होऊन १९४३ मध्ये जपानच्या ताब्यातील ईशान्य चीनमधील मांचुरियात, हायलार येथे पोहोचले. १९४५ मध्ये जपानच्या पराभवानंतर सोव्हिएत फौजांनी सुमारे सहा लाख जपान्यांना सक्तमजुरीसाठी नेले, त्यांत तेही होते. सायबेरियातील क्रास्नोयार्स्कच्या परिसरात लाकूडतोड करत, सोबत्यांचे मृत्यू पाहत त्यांनी दिवस काढले आणि १९४७ मध्ये ते मायदेशी परतले. पुढे काढायच्या चित्रांचे विषय त्यांनी आपल्या रंगपेटीवर बारा चित्राक्षरांत टिपून ठेवले होते.

ही चित्रे भरती, छावणी, परतीचा किनारा अशा घटनाक्रमाने लावली की प्रेक्षकासमोर एक सलग आत्मकथन उभे राहते. चित्रकाराने स्वतःच चित्रांना जोडून टिपणे लिहिली असल्यामुळे या मांडणीलाही आधार आहे. मात्र सगळी मालिका आधी आखलेली नव्हती आणि तिचे नाव १९६७ च्या चित्रसंग्रहानंतर रूढ झाले. घटनाक्रम लावला की हे झाकले जाते. १९४८ मधील ‘दफन’ हे चित्र उबदार रंगांत आहे. त्यानंतर कित्येक वर्षे सायबेरिया जवळजवळ गप्प आहे. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस मात्र कोळशाची पूड आणि खनिज पूड मिसळलेला पिवळसर मातकट रंग यांतून त्यांच्या चित्रांचा तो खरबरीत, काळा पृष्ठभाग तयार होतो. ही भाषा हाती येण्यासाठी लागलेला काळ निर्मितीक्रमातच दिसतो, म्हणून प्रस्तुत लेखकाला तोच क्रम अधिक प्रामाणिक वाटतो. शिवाय त्यांनी घरातल्या आणि गावातल्या साध्या वस्तूंची चित्रेही त्याच वर्षांत काढली, हे त्यामुळे नजरेआड होत नाही.

‘१९४५’ हे चित्र १९५९ मधले आहे. उत्तरेकडे नेणाऱ्या रेल्वेगाडीतून काझुकींना रुळांलगत कातडी सोललेले एक लाल प्रेत दिसले होते. स्थानिक लोकांनी सूडापोटी मारलेल्या जपान्याचे ते असावे, असे त्यांनी मानले. हिरोशिमाच्या छायाचित्रांतील काळ्या प्रेतांशेजारी हे लाल प्रेत ठेवून त्यांनी आपल्या लिखित आठवणींत जपानच्या आक्रमणाचा प्रश्न मांडला. बळी म्हणून स्वतःच्या हालअपेष्टा सांगणाऱ्या त्या काळच्या लेखनात ही बाजू फार क्वचित येते.

प्रदर्शन तोक्योत सुरू असतानाच २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला. त्यानंतर ही मालिका केवळ रशियन छळाचा पुरावा म्हणून वाचणे अगदी सोपे झाले. मृत्यूच्या वर्षी, १९७४ मध्ये, रंगवलेल्या ‘किनारा (नाखोदका)’ या चित्रात परतीच्या बंदरावरील काळ्या पट्ट्यात असंख्य चेहरे मिसळून गेले आहेत. त्या बंदरापर्यंत कधीच न पोहोचलेल्यांचे ते चेहरे आहेत.