ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलंय आणि एक्सरे नॉर्मल आलाय, म्हणजे नक्की काय?

एक्सरेमध्ये ॲस्बेस्टॉस दिसतच नाही. बऱ्याच जणांना वाटतं की छातीचा फोटो काढला की आत गेलेली धूळ पांढरी दिसेल आणि नाही दिसली तर आपण सुटलो, पण ॲस्बेस्टॉसचे तंतू मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजावे लागतात इतके बारीक असतात, एक्सरेच काय सीटी स्कॅनमध्येही ते दिसत नाहीत. फोटोत दिसतात ते त्या तंतूंनी केलेले व्रण, आणि व्रण दिसण्याइतके वाढायला वर्षं लागतात.

फुप्फुसात शिरलेली घाण गिळून साफ करायचं काम मॅक्रोफेज नावाच्या पेशी करतात. साधी धूळ त्या बऱ्यापैकी उचलतात. पण ॲस्बेस्टॉसचा लांब तंतू त्यांच्या तोंडात मावत नाही, तो विरघळतही नाही, मग पेशी अर्धवट गिळलेल्या तंतूसकट मरते, तिच्यातली दाहक रसायनं आजूबाजूला सांडतात, सूज येते, दुसरी पेशी येते, तिचंही तेच होतं, आणि हे काम सोडल्यावरही चालूच राहतं कारण तंतू तर आतच असतो. हळूहळू मऊ स्पंजसारखं फुप्फुस चिवट होत जातं. हाच ॲस्बेस्टॉसिस. तो दिसायला साधारण १५-२० वर्षं किंवा जास्त लागतात, आणि मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर तर ३०-४० वर्षांनी उगवतो. म्हणजे पंचविशीत बॉयलरच्या पाइपांवरचं लॅगिंग (उष्णता अडवणारं आवरण) सोलणाऱ्या माणसाला दम लागायला लागतो तेव्हा तो रिटायर व्हायला आलेला असतो.

म्हणूनच पाचव्या वर्षीचा नॉर्मल एक्सरे फार काही सांगत नाही. अमेरिकेतल्या ओशाच्या, म्हणजे कामगार सुरक्षेच्या सरकारी खात्याच्या, नियमातही हाच विचार दिसतो: पहिल्या संपर्कानंतर १० वर्षांपर्यंत दर ५ वर्षांनी एक्सरे, त्यानंतर वयाच्या पस्तिशीपर्यंत तेवढंच, ३५ ते ४५ वयात दर २ वर्षांनी आणि ४५ नंतर दरवर्षी. वय आणि वर्षं वाढतात तसा तपास वाढतो.

आता तो फोटो वाचतात कसा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण याबद्दल कामगाराला कुणी सांगतच नाही. धुळीच्या आजारांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची, म्हणजे आयएलओची, एक पद्धत आहे, तिची सुरुवात १९३० च्या जोहान्सबर्ग परिषदेपासूनची. समोर ठरलेले नमुना फोटो ठेवायचे आणि कामगाराचा फोटो त्यांच्याशी ताडून बघायचा. डाग गोल आहेत की वेडेवाकडे (ॲस्बेस्टॉसिसचे वेडेवाकडे असतात आणि सुरुवात फुप्फुसाच्या खालच्या भागात होते), किती दाट आहेत, कुठल्या भागात आहेत, हे लिहायचं. दाटपणाला ० ते ३ अशी श्रेणी असते पण ती दोन आकड्यांत लिहितात, १/० म्हणजे वाचणाऱ्याने १ ठरवलं पण ० असू शकेल असाही विचार केला, आणि ०/१ म्हणजे याच्या उलट. शंका आकड्यातच लिहून ठेवायची ही पद्धत मला मनापासून आवडते, कारण एकच फोटो दोन अनुभवी डॉक्टर वेगळा वाचतात असं खरंच होतं, त्यामुळे शक्य तिथे दोघा-तिघांकडून वाचून घेतात.

आणि फोटो नीट निघाला नसेल तर सगळंच फसतं. श्वास पूर्ण भरलेला नसला की खालचा भाग धूसर दिसतो, आणि नेमका तिथेच आजार शोधायचा असतो. जाड माणसाच्या बरगड्यांखालची चरबी प्लाकसारखी, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणावरच्या जाड चट्ट्यांसारखी, दिसू शकते. टेक्निशियन श्वास भरून रोखायला सांगतो तेव्हा खरंच पूर्ण भरा, घाई नको.

या प्लाकमध्ये कॅल्शियम साचलं की ते फोटोत पांढरे उठून दिसतात. ते दिसले की लोक घाबरतात. प्लाकचा स्वतःचा कॅन्सर होत नाही, पण या माणसाच्या शरीरात ॲस्बेस्टॉस गेलंय याची ती खूण आहे, त्यामुळे पुढे लक्ष ठेवायलाच हवं.

उलट बाजूही आहे. एक्सरे स्वच्छ असूनही फुप्फुसाचा तुकडा काढून तपासल्यावर ॲस्बेस्टॉसिस सापडलेले पेशंट आहेत, म्हणून श्वासाची मशीनवरची तपासणी आणि पाठीला स्टेथोस्कोप लावून ऐकणं सोडायचं नसतं, खोल श्वास घेताना खाली चरचर ऐकू येते ती कधीकधी फोटोच्या आधी सांगून जाते. कॅन्सर लवकर पकडायला तर साधा एक्सरे कमीच पडतो. अमेरिकेत दीड लाखाहून जास्त लोकांवर केलेल्या अभ्यासात दरवर्षी एक्सरे काढूनही फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत, आणि २०११ मध्येच आलेल्या दुसऱ्या अभ्यासात, खूप सिगरेट ओढणाऱ्यांमध्ये, कमी डोसच्या सीटीमुळे ते एक्सरेच्या तुलनेत सुमारे २० टक्क्यांनी घटले. सिगरेटचा विषय निघालाच आहे तर, १९७९ मध्ये लॅगिंग कामगारांवर आलेले आकडे असे होते: दोन्हीपासून लांब असलेल्यांच्या तुलनेत फुप्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचा धोका नुसत्या ॲस्बेस्टॉसने सुमारे ५ पट, नुसत्या सिगरेटने सुमारे ११ पट, आणि दोन्ही असलं तर ५० पटीच्या वर. सिगरेट सोडली की कुठल्याही स्क्रीनिंगपेक्षा जास्त फायदा होतो.

मग एक्सरे काढायचा कशाला? तर जुन्या फोटोशी ताडून बघायला. एकटा फोटो त्या दिवसापुरतं सांगतो, १० वर्षांपूर्वीचा शेजारी ठेवला की काय बदललं ते कळतं, आणि नुकसानभरपाईचा विषय आला तर पुरावाही तोच. म्हणून नुसता 'नॉर्मल' लिहिलेला कागद घेऊन येऊ नका, फोटोची कॉपी मागा, तारीख आणि तेव्हाचं काम त्यावर लिहा, आणि नोकरी बदलली तरी जपून ठेवा. डॉक्टरांनी काय काम करता विचारलं की आजचं सांगून थांबू नका, ३० वर्षांपूर्वीचंही सांगा, गॅस्केट कापलेत, ब्रेक लायनिंग घासलंय, जहाज तोडलंय, किंवा स्वतः हात लावला नाही पण लॅगिंगवाल्याच्या शेजारी उभं राहून वेल्डिंग केलंय, सगळं. घरी ते धुळीचे कपडे कोण धुवायचं तेही सांगा, कारण कारखान्याच्या एक्सरेच्या यादीत तिचं नाव कधीच नव्हतं.