मेमरी कार्ड रीडर

कॅमेऱ्यातील मेमरी कार्डावरची छायाचित्रे व चित्रफिती संगणकात उतरवून घेण्याचे छोटे उपकरण. कॅमेऱ्याला थेट केबल जोडूनही हे काम होते. मात्र तेवढा वेळ कॅमेरा अडकून पडतो आणि त्याची बॅटरी मध्येच संपली तर कॉपी अर्धवट राहते. पुण्यात गणेश विसर्जनाची मिरवणूक मंडईपासून निघते आणि दुसरा दिवस उजाडला तरी लक्ष्मी रस्त्यावर चालूच असते. ती टिपणाऱ्यांसाठी ‘कार्ड खाली करणे’ हा कामातला वेगळा टप्पाच असतो, आणि रीडर तारतो की रडवतो हे तेव्हाच कळते.

निवड कार्डापासून सुरू होते. सर्वांत प्रचलित एसडी कार्ड १९९९ मध्ये सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा यांनी मिळून आणले. कार्डाच्या पाठीवर सोनेरी पट्ट्यांची एकच ओळ असेल तर ते यूएचएस-१ (यूएचएस म्हणजे एसडी कार्डाच्या गतीची श्रेणी) किंवा त्याहून जुने, दोन ओळी असतील तर बहुधा यूएचएस-२. यूएचएस-१ची प्रमाणित कमाल गती सेकंदाला १०४ मेगाबाइट, यूएचएस-२ची ३१२. दोन ओळींचे महागडे कार्ड साध्या रीडरमध्येही निमूट चालते; फक्त दुसरी ओळ वापरलीच जात नाही आणि गती यूएचएस-१चीच मिळते. संगणकाच्या पडद्यावर तक्रारीची खिडकी कुठे उघडत नाही, त्यामुळे पैसे वाया गेल्याचे ध्यानातही येत नाही. काही यूएचएस-१ कार्डांवर १७० किंवा २०० असा आकडा छापलेला असतो. ती गती प्रमाणाबाहेरच्या खास पद्धतीने साधलेली असते. ती पद्धत जाणणारा रीडर नसेल तर कार्ड शंभरीच्या अलीकडेच घुटमळते. सीएफएक्स्प्रेस या अधिक वेगवान कार्डाचे टाइप-ए आणि टाइप-बी हे प्रकार आकारानेच वेगळे, म्हणून त्यांच्या खाचाही वेगळ्या. टाइप-बीचा आकार जुन्या एक्सक्यूडी कार्डासारखा असला, तरी त्याचा प्रत्येक रीडर एक्सक्यूडी वाचतोच असे नाही.

कार्ड, रीडर, केबल, पोर्ट आणि संगणकातील डिस्क यांत जे सर्वांत मंद, त्याचीच गती शेवटी हाती लागते. यूएसबी २.० कागदोपत्री सेकंदाला ४८० मेगाबिट म्हणजे ६० मेगाबाइट, प्रत्यक्षात ३५ ते ४० मेगाबाइट. १२८ गिगाबाइटचे भरलेले कार्ड त्यावर जवळजवळ तासभर घेते. ९० मेगाबाइटच्या गतीने तेच २४ मिनिटांत आणि २५०च्या गतीने नऊ मिनिटांच्या आत उतरते. यूएचएस-२साठी ५ गिगाबिटचे यूएसबी पुरते. सीएफएक्स्प्रेस टाइप-बीला किमान १० गिगाबिटचे हवे. गोची पुष्कळदा केबलमध्ये असते. मोबाइलबरोबर चार्जिंगसाठी आलेली टाइप-सी केबल दिसायला तशीच, पण आतून ती बहुधा यूएसबी २.०च निघते. टाइप-सी हे केवळ तोंडाच्या आकाराचे नाव. त्यावरून गती कळत नाही. फिरत्या हार्ड डिस्कवर थेट कॉपी केली तर मात्र रीडर कितीही भारी असो, गाडी दीडशे मेगाबाइटच्या आसपास अडते.

गतीहून विश्वासार्हता मोलाची. खाच सैल असेल तर कार्ड जरा हलताच जोडणी तुटते. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डाच्या रीडरमध्ये ५० बारीक पिना असतात. कार्ड तिरके रेटले की एखादी वाकलीच. पुण्यातील तपकीर गल्लीसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात सर्व प्रकारच्या खाचांचे बिननावाचे रीडर स्वस्तात मिळतात. सहलीच्या फोटोंपुरते ते ठीक. ज्या कार्डावर कोणाचे तरी लग्न आहे ते त्यात घालू नये. खरेदीला जाताना आपला लॅपटॉप आणि भरलेले कार्ड सोबत न्यावे, आणि दुकानातच पाच मिनिटांहून जास्त वेळ फाइली उतरवून पाहाव्यात. सुरुवातीचा आकडा फसवा असतो. काही रीडर तापले की मंदावतात, म्हणून पाच मिनिटांनंतरची गती खरी धरावी. दुकानदार वैतागला तरी चालेल.

उतरवताना फाइली कट-पेस्ट न करता कॉपी कराव्यात, त्याही दोन वेगळ्या डिस्कांवर. फाइलींची संख्या व आकार जुळल्याची, शक्य तर चेकसम (फाइलीतील मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) पडताळल्याची खात्री झाल्यावर कार्ड ‘इजेक्ट’ करून काढावे आणि कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. चुकून काही पुसले जाऊ नये म्हणून काही जण एसडी कार्डाच्या कडेची लॉकची पट्टी आधी खाली सरकवतात. ती पट्टी म्हणजे निव्वळ प्लॅस्टिकची खूण. तिची दखल घेणे रीडरच्या हाती असते. कॅमेरा मात्र ती काटेकोर पाळतो, त्यामुळे परत घालताना पट्टी वर करायची राहिली, तर अंतरपाट दूर होत असताना तो फोटो घ्यायला नकार देतो.