वजन चोरणारा माणूस

न्यू जर्सीत वाढलेला माझा भाचा गेल्या उन्हाळ्यात फोनवर फार हिरमुसला होता. शाळेच्या फुटबॉल संघात त्याला बचावाच्या पहिल्या रांगेत खेळायचं होतं. पायांत ताकद आहे, अंगात चपळाई आहे, पण प्रशिक्षकांनी त्याला एकदा नखशिखांत न्याहाळलं आणि सांगून टाकलं की तुझी अंगकाठी या जागेची नाही. चेंडूला हात लावायचीही वेळ आली नाही. "मामा, अंगकाठी म्हणजे नक्की काय?" असं त्याने विचारलं. मी भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस, मला असा प्रश्न विचारणं म्हणजे संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

आधी खुलासा. हा फुटबॉल म्हणजे मेस्सीचा नव्हे. अमेरिकेतला फुटबॉल लांबट चेंडूचा आणि हेल्मेटवाल्यांचा. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे. चेंडू जिथे ठेवलेला असतो त्या रेषेवर दोन रांगा एकमेकींसमोर वाकून उभ्या राहतात. आक्रमणाकडचे पाच धिप्पाड लाइनमन आपल्या क्वार्टरबॅकभोवती, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या गड्याभोवती, भिंत बांधतात आणि बचावाकडचे तीन किंवा चार लाइनमन ती भिंत फोडतात. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच लोळवलं तर त्याला सॅक म्हणतात. भाच्याला ही भिंत फोडायची होती.

व्यावसायिक संघांत, म्हणजे एनएफएलमध्ये, नवे गडी निवडण्याआधी इंडियानापोलिस शहरात त्यांची मोजणी होते. उंची, वजन, पंजाची रुंदी, हाताची लांबी, चाळीस यार्ड धावायला लागलेला वेळ, १०२ किलोची दांडी छातीवरून किती वेळा उचलली, सगळं नोंदवतात. बचावाच्या रांगेसाठी प्रशिक्षकांच्या मनातलं चित्र ठरलेलं असतं: सहा फूट तीन-चार इंच, पुष्कळ वजन आणि लांब हात. आपल्याकडे थोर पुरुष आजानुबाहू असायचे म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. खरं सांगायचं तर पंजे मोजणारी ती माणसं पाहिली की मला सामुद्रिकवाले आठवतात. फरक इतकाच की सामुद्रिकवाल्याचं भाकीत चुकलं तर तो ग्रहांवर ढकलतो, आणि प्रशिक्षकाचं चुकलं तर आकडेवारीत कायमचं छापून राहतं.

असं छापून राहिलेलं एक नाव म्हणजे अॅरन डोनाल्ड. पिट्सबर्ग विद्यापीठाकडून २०१३ च्या हंगामात त्याने बचावपटूंची मोठमोठी पारितोषिकं घरी नेली. तरी २०१४ ची निवड जवळ आली तसा एकच सूर ऐकू येत होता, की पोरगा गुणी आहे पण लहान आहे. उंची सहा फूट पाऊण इंच, वजन १२९ किलो. लहान! (हा शब्द वाचून मी माझ्या वजनकाट्याकडे प्रेमाने पाहिलं.) बारा गडी निवडून झाल्यावर तेराव्या क्रमांकावर रॅम्स संघाने त्याला घेतलं. पुढच्या दहा हंगामांत त्याने १११ सॅक केले आणि वर्षातला सर्वोत्तम बचावपटू हा मान तीनदा मिळवला. फेब्रुवारी २०२२ मधला सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, आठवा. रॅम्स २३, सिनसिनाटी २०, मिनिटभराहून कमी वेळ उरलेला, आणि सिनसिनाटीला नवे चार प्रयत्न मिळवायला हवा फक्त एक यार्ड. तिसऱ्या प्रयत्नात डोनाल्डने धावणाऱ्याला जागीच थोपवलं. चौथ्यात तो भिंत फोडून थेट क्वार्टरबॅक जो बरोच्या अंगावर गेला, त्याला धरून गरकन फिरवलं, चेंडू भलतीकडेच पडला आणि सामना संपल्यात जमा झाला.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. दोन माणसं एकमेकांना ढकलतात तेव्हा जिंकतं कोण? "ज्याची ताकद जास्त तो" हे उत्तर अपुरं आहे. न्यूटनचा तिसरा नियम आठवा: मी तुम्हाला जितक्या जोराने ढकलतो तितक्याच जोराने तुम्ही मला ढकलता, मग तुम्ही किडकिडीत असा की पैलवान. दोघांमधला जोर सारखाच, तर मागे कोण सरकणार हे ठरतं पायाखाली. ज्याच्या बुटांची जमिनीवरची पकड आधी सुटेल तो मागे जाईल. शेवाळलेल्या फरशीवर उभं राहून हिंदकेसरीलाही फ्रिज हलवता येणार नाही.

ही पकड म्हणजे शाळेत शिकलेलं घर्षण. पाय जमिनीला जितके दाबले जातात तितकं घर्षण जास्त. (खिळ्यांचे बूट गवतात रुततात, त्यामुळे तिथलं गणित शाळेतल्याइतकं साधं नाही, पण जास्त दाबाला जास्त पकड हे खरंच.) म्हणून वजनदार गडी बरा. इथवर प्रशिक्षकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

गंमत पुढे आहे. पाय जमिनीला किती दाबले जातात हे तुमच्या वजनाएवढंच असेल असं नाही. घरातली जड ट्रंक सरकवताना आई काय करायची? सरळ ढकलायची नाही. कडीला धरून एक बाजू किंचित उचलायची आणि मग ओढायची. ट्रंकेचं वजन तेवढंच, पण त्यातलं थोडं आईच्या हातात आलं, जमिनीवरचा दाब घटला, घर्षण घटलं. आणि ते हातात आलेलं वजन गेलं कुठे? आईच्या पायांतून जमिनीत! म्हणजे ट्रंकेची पकड कमी झाली आणि आईची वाढली, एकाच झटक्यात.

लाइनमन नेमकं हेच करतो. खाली वाकून, समोरच्याच्या काखेखाली किंवा छातीच्या खालच्या भागात हात रोवून तो पुढे आणि थोडं वर असा तिरका जोर लावतो. समजा आपला गडी १२९ किलोचा, समोरचा १४२ किलोचा. समोरचा तेरा किलोंनी भारी. आता आपल्या गड्याने जोराचा वरच्या दिशेचा भाग फक्त तीस किलोइतका ठेवला. समोरच्याच्या पायांवर उरले ११२. आपल्या गड्याच्या पायांवर झाले १५९. तेरा किलोंनी हलका असलेला माणूस पकडीच्या हिशेबात सत्तेचाळीस किलोंनी भारी होऊन बसला. वजन त्याने खाल्लं नाही, कमावलं नाही, समोरच्याच्या अंगावरून चोरलं.

हे खोटं वाटत असेल तर घरी करून पाहा. मी भाच्याला आणि माझ्या मेव्हण्यांना दोन वजनकाट्यांवर समोरासमोर उभं केलं, आणि व्हिडिओ कॉलवर बहिणीला आकडे वाचायला लावलं. मुलगा ७८, बाप ९२. मग पोराने गुडघे वाकवून बापाच्या काखेत हात घातले आणि नुसतं वर रेटलं. बहीण ओरडली, "अरे, याचे ९५ झाले आणि यांचे ७५!" बेरीज आधीही १७०, नंतरही १७०. काटे बाथरूममधले साधे, किलो-दीड किलो इकडे-तिकडे होत होतं, पण चोरी रंगेहाथ सापडली. मेव्हणे म्हणाले, वजन कमी करायचा इतका सोपा उपाय आधी का नाही सांगितला.

याला जोडून दुसरी गोष्ट घडते. तिरका जोर समोरच्याच्या गुरुत्वमध्याच्या वर लागला तर तो मागे कलंडू लागतो, भार टाचांवर जातो, आणि तोल सावरायला त्याला पाय मागे टाकावा लागतो. हवेत असलेला पाय काही ढकलू शकत नाही. कुस्तीत पट काढणारा पैलवान खालून का घुसतो, हे तालमीतल्या पोराला सूत्राशिवाय ठाऊक असतं. पण कुस्तीत वजनगट असतात. फुटबॉलच्या रांगेत ११० किलोवाला १५५ किलोवाल्यासमोर उभा राहू शकतो, म्हणून तिथे ही चोरी जास्त मोलाची.

मग बुटका नेहमीच जिंकायला हवा? नाही. बुटका आधीच खाली असतो, एवढीच त्याची सोय. उंच माणसाला तिथवर पोचायला घोटे, गुडघे, कंबर तिन्ही दुमडावे लागतात. मांडीचं हाड लांब असलं की अर्ध्या बैठकीत भार गुडघ्यापासून लांब पडतो आणि मांडीच्या स्नायूंना जास्त बलआघूर्ण (फिरवणारा जोर) पेलावं लागतं. अर्धी बैठक घालून दोन मिनिटं थांबा, मी काय म्हणतो ते मांड्याच सांगतील. पण घोटे आणि कंबर लवचीक असलेला उंच गडी मिळाला, तर तो सोन्याचा. त्याचे लांब हात समोरच्याच्या छातीला आधी पोचतात, आणि समोरच्याचे हात हवेतच राहतात. शिवाय तो चेंडू हवेत अडवतो. सहा फूट पाच इंचांच्या जे. जे. वॉटने २०१२ मध्ये साडेवीस सॅक केले आणि सोळा पास हाताने उडवले. तेव्हा प्रशिक्षक अगदीच अडाणी नाहीत. ज्या गुणाचा त्यांना शोध आहे, त्याची त्यांनी उंची ही सोपी खूण धरली आहे आणि मग खुणेलाच गुण समजून बसले आहेत.

जागेप्रमाणेही हिशेब बदलतो. बचावाच्या काही पद्धतींत मधल्या गड्याने, म्हणजे नोज टॅकलने, आपल्या डावी-उजवीकडच्या दोन्ही फटी एकट्याने सांभाळायच्या असतात. त्याने घुसायचं नसतं, खांबासारखं रोवून राहायचं असतं, आणि बऱ्याचदा दोन माणसं त्याला मिळून रेटतात. तिथे निव्वळ वस्तुमान लागतं, चोरीला मर्यादा आहे. दुसऱ्या पद्धतींत एकाच फटीतून सुसाट आत शिरायचं असतं, तिथे पहिलं पाऊल महत्त्वाचं. आणि इथे गॅलिलिओ आडवा येतो. शरीर सगळ्या बाजूंनी दीडपट केलं तर स्नायूंच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ, आणि म्हणून ताकद, वाढते सव्वादोन पट, पण वजन वाढतं तीन पट आणि वर आणखी थोडं. म्हणून मोठं शरीर सहसा सावकाश सुटतं. "सहसा" म्हणायचं कारण जॉर्डन डेव्हिस. २०२२ च्या मोजणीत सहा फूट सहा इंचांचा, १५५ किलोंचा हा माणूस चाळीस यार्ड ४.७८ सेकंदांत पळाला. डोनाल्डला, म्हणजे सुमारे पंचवीस किलो कमी वजनाच्या माणसाला, ४.६८ लागले होते. अशी माणसं निसर्गात फार थोडी निपजतात, आणि ती मिळेपर्यंत थांबणं प्रत्येक संघाला परवडत नाही.

आता डोनाल्डभक्तांनाही एक टोला. "बघा, तो बुटका होता तरी जिंकला, म्हणजे उंचीला अर्थ नाही" हा तर्कही कच्चा आहे. बुटक्यांसाठी दार इतकं अरुंद ठेवलेलं असतं की बाकी सगळ्या गोष्टींत अचाट असलेलाच आत येतो. डोनाल्डने १०२ किलोची दांडी पस्तीस वेळा उचलली होती. आत आलेल्यांची तुलना केली की उंचीचा फायदा दिसेनासा होतो, कारण चाळणी आधीच लागलेली असते. जॉन रँडलला १९९० मध्ये एकाही संघाने निवडलं नाही. मिनेसोटा व्हायकिंग्सनी सांगितलं, अडीचशे पौंड (सुमारे ११३ किलो) भर, मग बघू. भरत होता २४४. गड्याने कपड्यांखाली साखळी लपवली आणि काट्यावर उभा राहिला. नंतर त्याने १३७.५ सॅक केले आणि २०१० मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

रँडलची साखळी निदान काढून ठेवता आली. बहुतेक पोरं काट्यासाठी खरोखरच वजन चढवतात. १९५९ ते १९८८ या काळात खेळलेल्या ३,४३९ निवृत्त एनएफएल खेळाडूंचा अमेरिकी सरकारी संस्थेने अभ्यास केला. एकूण खेळाडू सामान्य पुरुषांपेक्षा जास्त जगले, पण खेळायच्या दिवसांत ज्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३० किंवा अधिक होता, त्यांना हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका इतर खेळाडूंच्या दुप्पट होता. म्हणून "आधी वीस किलो वाढव, मग ये" असं पंधरा वर्षांच्या मुलाला सांगणाऱ्यांचा मला राग येतो. त्या वयात वाढवायचं ते घोट्यांचं आणि कमरेचं वळण. वजन वाढवायच्या पावडरीचे डबे विकणाऱ्यांचाही मला तितकाच राग येतो, पण त्यावर पुन्हा कधीतरी.

भाच्याला मी एवढंच म्हटलं की पुढच्या वेळी प्रशिक्षकांना तुझं पहिलं पाऊल बघायला सांग. लाइनमन सरावासाठी एक बुटका लोखंडी पिंजरा वापरतात, वर जाळी असते, डोकं वर काढलं की आपटतं, त्यामुळे खालूनच सुटायची सवय लागते. मेव्हण्यांनी गॅरेजमध्ये चार फुटांवर दोरी बांधून तसाच पिंजरा केलाय. पोरगा रोज संध्याकाळी तिच्याखालून पन्नास वेळा सुटतो. परवा बहिणीचा फोन आला होता: दोरी तिची कपडे वाळत घालायची होती, आणि ती परत कधी मिळणार असं विचारत होती.