अतिउंचीवरील गिर्यारोहणाचे बूट

साधारणतः ५,००० मी.च्या वर, बर्फावर किंवा बर्फमिश्रित खडकावर चढाई करताना वापरायची पादत्राणे. पाय उबदार ठेवणे, क्रॅम्पॉन (बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटाखाली बसवायचा धातूचा काटेरी सांगाडा) पक्का धरून ठेवणे आणि घोट्याला आधार देणे ही त्यांची मुख्य कामे. पदभ्रमणाच्या बुटाचा सोल चवड्याशी वाकतो, यांचा जवळजवळ वाकत नाही. शिवाय यांत उष्णतारोधक थर असतो.

विकास : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चामडी बुटांच्या तळाला लोखंडी खिळे ठोकून बर्फावर पकड मिळवीत. जिनीव्हाच्या फेलिक्स जेनकाँ याने काढलेले ‘ट्रिकुनी’ हे दातेरी खिळे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रूढ झाले. १९२४ मध्ये एव्हरेस्टवर नाहीसा झालेला जॉर्ज मॅलरी याचा देह १९९९ मध्ये सापडला, तेव्हा त्याच्या पायात असाच खिळ्यांचा चामडी बूट होता. खिळा पकड देई, पण धातू असल्याने पायाची उष्णताही बर्फाकडे वाहून नेई.

रबरी सोलाचा उगम १९३५ मध्ये पुंता राझिका या शिखरावर झालेल्या दुर्घटनेशी जोडला जातो. तीत सहा इटालियन गिर्यारोहक दगावले. कातळचढाईसाठी त्यांनी जड बूट खाली ठेवून हलके मऊ बूट घातले होते आणि वादळात सापडल्यावर बर्फावरून उतरणे त्यांना अशक्य झाले, अशी हकिगत सांगतात. या दुर्घटनेनंतर मिलानच्या व्हिताले ब्रामानी याने पिरेली कंपनीच्या साहाय्याने खोल खाचांचा रबरी सोल तयार केला. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘व्हिब्रम’ हे नाव पडले. एकस्वाचे (पेटंटचे) वर्ष बहुधा १९३७. मृत्यूंचा सगळा दोष बुटांवर टाकणारी मांडणी लोकप्रिय असली, तरी वादळात उघड्यावर अडकून पडणे हेच प्रमुख कारण मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मात्र एकाच बुटाने कातळ व बर्फ दोन्ही साधावे ही गरज त्या घटनेने ठळक केली, यात शंका नाही. १९५४ च्या इटालियन के-२ मोहिमेत हे सोल वापरले गेले आणि खिळ्यांचा जमाना सरला.

उबेचा प्रश्न याहून उशिरा सुटला. १९५० मध्ये अन्नपूर्णा (८,०९१ मी.) सर करणारे मॉरिस एर्झोग व लुई लाशनाल यांच्या पायांची सर्व बोटे हिमदंशामुळे कापावी लागली. त्यांचे चामडी बूट त्या उंचीला अपुरे होते, असे सामान्यतः मानतात. उतरताना हिमविवरात काढलेली रात्रही तितकीच कारणीभूत असावी. १९५३ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेसाठी तेथील पादत्राण संशोधन संस्थेने वरच्या टप्प्यांकरिता खास बूट बनविले. त्यांत पातळ चामड्याच्या दोन थरांमध्ये कपोकाचा, म्हणजे पांढऱ्या सावरीच्या तंतूंचा, जाड थर होता आणि ओल आत शिरू नये म्हणून जलरोधक अस्तर होते. तरीही २९ मेच्या पहाटे हिलरीचे बूट दगडासारखे गोठलेले निघाले. किंचित ओले म्हणून त्याने ते रात्री काढून ठेवले होते. स्टोव्हच्या ज्योतीवर ते मऊ होईपर्यंत सुमारे दोन तास गेले. तेनसिंगने बूट रात्रभर पायातच ठेवले होते.

प्लॅस्टिकचे कवच आणि त्यातून काढता येणारा आतला बूट ही जोडी १९७० नंतरच्या दशकात रुळली. ती पहिल्यांदा कोणी बनविली याविषयी उत्पादकांचे दावे वेगवेगळे आहेत. बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी १९६० नंतर निघालेल्या प्लॅस्टिक बुटांतून ती आली, हे मत अधिक ग्राह्य दिसते. ऑस्ट्रियातील कोफ्लाख कंपनीचे बूट भारतात इतके पसरले, की प्रशिक्षण घेतलेल्या अनेकांच्या तोंडी ‘कोफ्लॅक’ हे अशा कोणत्याही बुटाचेच नाव झाले.

प्रकार : (१) एकेरी बूट : उष्णतारोधक अस्तराचे, चामडी वा कृत्रिम. (२) दुहेरी बूट : कवच व आतला बूट (‘इनर’) वेगळे, ६,००० ते ७,००० मी.च्या शिखरांसाठी नेहमीची निवड. (३) आठ हजारी बूट : ८,००० मी.वरील शिखरांसाठी, दुहेरी बुटावर गुडघ्याखालपर्यंतचा गेटर (बर्फ आत शिरू नये म्हणूनचे वेष्टण) कायमचा जोडलेला. दुहेरी जोडीचे वजन साधारण २ ते ३ किग्रॅ. भरते. पायावरचा १ किग्रॅ. भार पाठीवरच्या सुमारे ५ किग्रॅ.इतका दमवितो असे धरतात. त्यामुळे गरजेपेक्षा जड बूट घेण्यात काहीच शहाणपण नाही.

नुसत्या उंचीवरून निवड करणे फसवे ठरते. अलास्कातील देनाली ६,१९० मी.चे आहे, पण ते ६३° उत्तर अक्षांशावर असल्याने तेथे आठ हजारी बूट, किंवा दुहेरी बुटावर आणखी बाह्यवेष्टण, लागते. गढवालमधील तितक्याच उंचीच्या शिखरावर जूनमध्ये साधे दुहेरी बूट पुरतात. वारा, ऋतू, उंच तळावर काढायच्या रात्री आणि दोराजवळ उभे राहून थांबण्याचा वेळ हे सगळे मोजावे लागते.

माप : निवडीतील सर्वांत नाजूक भाग हाच. बूट उष्णता निर्माण करीत नाही. रक्ताने आणलेली उष्णता तो फक्त धरून ठेवतो. अतिउंचीवर प्राणवायू कमी, पाणी कमी पडल्याने रक्त दाट, आणि थंडीत शरीर बोटांकडचा प्रवाह आधीच आखडते. अशा वेळी बूट घट्ट असला, तर कितीही जाड अस्तर असून बोटे बधिर होतात. घट्ट वाटणाऱ्या बुटात ‘थंडी वाजेल’ म्हणून दुसरा जाड मोजा कोंबणे ही नवख्यांची ठरलेली चूक आहे.

माप संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घ्यावे. आतला बूट काढून नुसत्या कवचात पाय घालावा, बोटे पुढे टेकवावीत आणि टाचेमागे दोन बोटे (सुमारे २ सेंमी.) सरकतात का ते पाहावे. मग इनर घालून, मोहिमेत वापरायचेच मोजे (एक पातळ व त्यावर एक जाड लोकरी) चढवून नाड्या बांधाव्यात. बोटे मोकळी हलली पाहिजेत. उतारावर उभे राहिल्यास ती पुढे आपटता कामा नयेत, नाहीतर उतरताना नखे काळी पडतात. चढाच्या पायरीवर टाच ठळकपणे उचलली गेली, तर फोड ठरलेलाच. नेहमीच्या मापापेक्षा एक ते दीड क्रमांक मोठा बूट बहुधा बसतो. युरोपीय साचे पुष्कळदा अरुंद असतात. चवडा रुंद असलेल्यांनी लांबी वाढवून रुंदी मिळविण्याऐवजी दुसऱ्या उत्पादकाचा साचा पाहावा. दुकानात पाच मिनिटांत न चावणारा बूट दोन तासांनी चावू शकतो, म्हणून घरात पायऱ्यांवर घालून चालून पाहणे आवश्यक.

नाडी चवड्यावर सैल आणि घोट्यावर घट्ट, अशी दोन टप्प्यांत बांधतात. जुन्या पट्ट्यांच्या क्रॅम्पॉनमध्ये चवड्यावर आवळलेला पट्टा चामडी बूट दाबून रक्त अडवीत असे.

क्रॅम्पॉनशी मेळ : बुटांच्या ताठपणाची बी-० (सर्वांत लवचिक) ते बी-३ (सर्वांत ताठ) अशी प्रतवारी प्रचलित आहे; क्रॅम्पॉनची प्रतवारी ‘सी’ने दाखवितात. पुढे तार व मागे खटका असलेला क्रॅम्पॉन (सी-३) फक्त बी-३ बुटाला, म्हणजे टाच व बोटे दोन्हीकडे खोल कड असलेल्या ताठ बुटाला, बसवावा. क्रॅम्पॉनची लांबी जुळवून, पट्टा न बांधता बूट उचलून हलवावा. क्रॅम्पॉन गळून पडला, तर माप चुकले आहे. ही जुळवणी घरीच करावी.

दोष व निगा : बुटांच्या कवचात व सोलात वापरला जाणारा पॉलियुरेथेन हा प्लॅस्टिकसारखा पदार्थ ओलसर हवेत कालांतराने विघटित होतो. बूट वापरात नसला तरी ही क्रिया थांबत नाही. बाहेरून नवा दिसणारा जुना बूट चढाईत अचानक तडकतो, किंवा सोल सुटा होतो. मुंबई-कोकणातील दमट हवेत हा धोका अधिक, त्यामुळे बूट पूर्ण सुकवून, पिशवीत न कोंडता, कोरड्या जागी ठेवावेत. भाड्याने घेताना घोट्याच्या सांध्याजवळ अंगठ्याने दाबून पांढरट चिरा दिसतात का ते पाहावे, आणि पुढची कड दगडांवर चालून झिजलेली नाही ना, हेही. झिजलेल्या कडेवरून क्रॅम्पॉनची तार निसटते.

दिवसभराचा घाम इनरमध्ये मुरतो. तळावर पोहोचताच इनर काढून, आतले पाणी पुसून, रात्री झोपण्याच्या पिशवीत अंगाजवळ घेतात. काही जण पातळ मोज्यावर बाष्परोधक प्लॅस्टिकचा मोजा घालतात. त्यात अस्तर कोरडे राहते, पण पाय ओला राहत असल्याने रोज रात्री तो पुसून कोरडा करावा लागतो.